लॉक कुणी काढलं?

मशीन अकरा सेकंद बंद पडलं आणि मग आपलं आपण सुरू झालं. झालं एवढंच. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. वॉर्डातली नर्स खाटेपाशीच उभी होती, तिने रबरी फुगा उचलून हाताने श्वास दिला आणि मशीन शुद्धीवर आल्यावर कंपनीला फोन लावून अशी खरडपट्टी काढली की फोन घेणारा माणूस म्हणे खुर्चीतून उठून उभा राहिला. बरोबरच होतं तिचं. श्वास देणाऱ्या मशीननेच मध्ये दम खायला थांबायचं म्हणजे काय!

त्या मशीनच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिचा मेमरी सांभाळणारा भाग एका सासऱ्याने लिहिला होता आणि आता तो त्याच्या जोडीने सून सांभाळत होती. सासऱ्यांना ऑफिसात सगळे मास्तर म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी तो कोड घडवला. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ते घरच्या गॅलरीत टेबल टाकून तिथूनच काम करत. सून रोज ऑफिसला जाई. आता कुणालाही वाटेल, काय सोय आहे, जे अडेल ते घरी येऊन विचारायचं! पण तिथेच घोडं अडलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासरे आणि सून स्वयंपाकघरात उभे राहून कुठल्याशा ओळीवरून असे भांडले की दूध उतू गेलं, भाजी करपली आणि दोघांपैकी एकालाही वास आला नाही. त्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं. "या घरात त्या मशीनचं नाव काढायचं नाही. ज्याला बोलायचंय त्याने ताट घेऊन जिन्यात जाऊन बसावं." नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्याने फोनवरूनच आईला पाठिंबा देऊन टाकला. तेव्हापासून सात वर्षं दोघं कामाबद्दल बोलत ते फक्त सिस्टिममधल्या लेखी टिपांतून. घरी "अगं, जरा मीठ दे" म्हणणारे बाबा तिथे लिहीत, "कृपया ओळ चाळीस पुन्हा तपासावी." ती लिही, "तपासली. योग्य आहे. आभार." मग दोघं मुकाट्याने एका टेबलावर जेवत.

तर मशीन बंद पडलं, आणि शोधायचं काम सुनेवर आलं. ऑफिसात चाचणीच्या टेबलावर तसंच एक मशीन होतं, त्याला रबरी फुफ्फुस जोडलेलं. ते दोन-तीन दिवस सुरळीत चालायचं आणि मग मध्येच मान टाकायचं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. कारण म्हणावं तर काही नाही. तिने प्रत्येक पायरीवर पडद्यावर एक ओळ छापायची व्यवस्था केली, म्हणजे पडताना पकडता येईल. चार दिवस पठ्ठ्या पडलाच नाही! ओळ छापणं बंद केलं, तर चहाच्या वेळेपर्यंत आडवा. पुन्हा छापणं सुरू केलं, पुन्हा शहाण्यासारखा उभा. तिचं डोकं चक्रावून गेलं. बघत असलं की सज्जन, पाठ फिरवली की चोर.

अर्थात, असं का होतं ते तिला पुस्तकी कळत होतं. मशीनच्या पोटात मेमरीची हजारो पानं असतात. एक जण पानं वाटतो. एक जण झाडूवाला, तो वापरात नसलेली पानं गोळा करून कोरी करतो. झाडूवाल्याने बघितलं, या पानावर कुणी नाही. तो उचलायला वाकला. बघणं आणि वाकणं यांच्यामध्ये डोळ्याची पापणी लवायलाही वेळ नाही, पण तेवढ्यात वाटणाऱ्याने तेच पान श्वास मोजणाऱ्याला देऊन टाकलं. झाडूवाल्याने ते पुसलं. श्वास मोजणारा बघतो तर हातात कोरं पान. संपलं! म्हणून तिथे लॉक लावतात. एकाचं बघून-उचलून होईपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. ओळ छापायला लावली की झाडूवाला जरा रेंगाळतो, आणि दोघांची टक्कर टळते. हे सगळं ठीक. पण त्या जागी लॉक असायलाच हवं होतं. बाबांनी लॉक लावलं नाही असं होणंच शक्य नव्हतं.

शुक्रवारी उलगडा झाला, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ऑफिसात सगळ्यांचे बदल गोळा करून एकत्र लावणारा एक सहकारी होता, त्याला सगळे कोठावळा म्हणत. त्याने जुना इतिहास उकरला. लॉक होतं. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात, बारा तारखेला, ते कुणीतरी काढलं होतं. शेजारी कारण लिहिलं होतं, "झाडूवाला आधी बघतोच, लॉकची गरज नाही." आणि त्याखाली नाव मास्तरांचं.

"बाबा?" ती म्हणाली. "काहीतरीच काय!"

"ताई, नाव समोर आहे." कोठावळा हळूच म्हणाला.

मोठ्या साहेबांनी तिच्यासमोरच मास्तरांना फोन लावला. पलीकडे गॅलरीतला पंखा घरघरत होता. मग मास्तर म्हणाले, "माझं नाव आहे ना तिथे? मग मीच काढलं असणार." साहेबांनी फोन ठेवला आणि हात टेकले. "वय कुणाला चुकलंय," म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी बैठक घेऊ आणि हा कोड त्यांच्या हातून काढून घेऊ. तुम्हीच बघा मग सगळं. घरी काही जाणवतं का हो तुम्हाला? विसरणं वगैरे?"

यावर तिने काय म्हणावं? ती म्हणाली, "हल्ली चष्मा शोधत असतात खरं." आणि थोडी हसलीसुद्धा. चष्मा तर ते गेली सात वर्षं शोधत होते. पण ते तिने सांगितलं नाही.

शनिवार-रविवार ती बुचकळ्यात पडल्यासारखी घरात वावरली. बाबांकडे चोरून बघत राहिली. त्यांच्यासारखा माणूस असलं कारण लिहील? आधी बघतो म्हणून लॉक नको, हे तर पहिल्या वर्षाला असलेलं पोर लिहितं. बघणं आणि उचलणं वेगळं, हे तिला शिकवलं कुणी? त्यांनीच. मग? खरंच काही होतंय का त्यांना? तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जराशी सुटकाही वाटली, की चूक सापडली आणि ती आपली नाही. बाईमाणूस असो की पुरुष, मन असलंच असतं मेलं.

सोमवारी सकाळी ती डबा भरत होती आणि सासूबाई फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाचा वाढदिवस होता. "दोन वर्षं झाली गं बघता बघता!" सासूबाई म्हणत होत्या. "तुझे मामा तर दोन दिवस मांडवातच होते, खुर्च्या मोजत! सूनबाईला मात्र काम होतं, ती राहिली एकटी घरी."

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. बारा तारीख. दोन वर्षांपूर्वीची बारा तारीख, रविवार. बाबा परगावी, लग्नात. घरी ती एकटी. तिच्या लॅपटॉपवर चहा सांडला होता, म्हणून ती गॅलरीत बाबांच्या टेबलाशी जाऊन बसली होती. बाबांना उठताना कधी कॉम्प्युटर बंद करायची सवय नाही, त्यांच्या नावानेच सगळं उघडं. श्वासाचं मशीन सुरू व्हायला फार वेळ लागतो अशी तक्रार होती, आणि तिने त्या एका दुपारी इकडच्या तिकडच्या चौदा-पंधरा ओळी छाटल्या होत्या. त्यांतली ही एक. तिची होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरांचं नाव बघितलं आणि मास्तरांचं काम म्हणजे त्यात बघायचं काय, म्हणून डोळे झाकून मंजूर केलं होतं.

ती डबा तिथेच विसरून ऑफिसला गेली.

आता तुम्ही म्हणाल, तत्क्षणी सांगून मोकळं व्हावं की नाही! व्हावं. पण शुक्रवारी ती हसली होती ना. साहेबांसमोर, सासऱ्यांच्या चष्म्यावरून. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? मग तिने मनाशी एक हिशेब जुळवला: आधी दुरुस्त करू, मग सांगू. "चूक माझी होती, आणि ही बघा दुरुस्त केली," असं एका दमात म्हणता येईल. बैठक शुक्रवारी, आज सोमवार. आहे की वेळ.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने एकदा प्रयत्न केला बरं का. जेवताना म्हणाली, "बाबा, ते मशीनचं जरा..."

"जिना," सासूबाई म्हणाल्या, मान वर न करता.

बाबाही ताटातच बघत होते. जेवून उठले ते सरळ गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. तिला वाटलं, रागावलेत. तीही आपल्या खोलीत गेली. काय बिघडलं असतं दार ढकललं असतं तर? पण नाही ढकललं.

मंगळवारी ती त्या दिवसापुरती घरूनच काम करत होती. बाबा सकाळी बाहेर गेले आणि दुपारी परत आले. सासूबाई तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर टेकल्या. "मला काही कळेनासं झालंय बाई," म्हणाल्या. "विचारलं कुठे जाता, तर म्हणे टपालात. टपालात जायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं? आणि हल्ली रोज सकाळी मला विचारतात, आज वार कोणता? आणि मी सांगायच्या आत स्वतःच सांगून टाकतात. माझी परीक्षा घेतात की स्वतःची, देव जाणे. तुला काही बोलले का?"

"नाही आई," ती म्हणाली. खोटं काही नव्हतं त्यात. पण सासूबाई उठून गेल्यावर तिच्या हातून कितीतरी वेळ एक अक्षर टाइप होईना. दोन दिवस, ती स्वतःला म्हणाली. फक्त दोन दिवस.

बुधवारी तिची दुरुस्ती तयार झाली. तिने जुनं लॉक परत लावलं नाही. म्हटलं, करतोच आहोत तर चांगलं करू. प्रत्येक पानाला स्वतंत्र लॉक दिलं. कागदावर चार वेळा ताडून बघितलं, आपल्या कॉम्प्युटरवर चालवलं, आणि दुपारी कोठावळ्याकडे पाठवून दिलं. शेजारी कारण मात्र तिने पूर्ण लिहिलं नाही. "दुरुस्ती," एवढंच लिहिलं. उद्या सांगूच की.

गुरुवारी सकाळी ऑफिसात येऊन बघते तर चाचणीचं मशीन ठार. पूर्वी निदान अकरा सेकंदांनी उठायचं तरी. आता उठण्याचं नाव नाही. पडदा गोठलेला, रबरी फुफ्फुस अर्धं फुगून तसंच थांबलेलं. तिने पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटं चाललं आणि पुन्हा तसंच. तिने आपला कोड पहिल्या ओळीपासून वाचला. चूक नाही. उलटा वाचला. चूक नाही. तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी ती कोठावळ्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"काल माझी दुरुस्ती नीट लावलीस ना?"

"लावली की. दोन्ही लावल्या."

"दोन्ही म्हणजे?"

"तुमची आणि मास्तरांची." कोठावळा तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, एकाच घरात राहता ना तुम्ही? मला वाटलं, ठरवूनच पाठवलंय. दोन्ही वेगळ्या फायलींत होत्या, कुठे खटका उडाला नाही. म्हटलं, असू देत."

तिने ते उघडून बघितलं. बाबांनी कुठलं पान कुणाकडे आहे त्या यादीचं जुनं लॉक होतं तिथे परत लावलं होतं, अगदी नेटकं, त्यांच्या पद्धतीने. एकटं असतं तर बिनचूक. तिचंही एकटं असतं तर बिनचूक. पण आता मशीनमध्ये दोन तऱ्हेची लॉक झाली होती. वाटणारा आधी यादी धरायचा आणि पानासाठी थांबायचा. झाडूवाला आधी पान धरायचा आणि यादीसाठी थांबायचा. याने सोडलं की तो सोडणार, त्याने सोडलं की हा. दोघं जन्मभर उभे. दोघांनी एकाच दिवशी बघितलं होतं की अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही, आणि दोघांनी गुपचूप दुरुस्त करून टाकलं होतं. कपाळाला हात लावायची वेळ!

आणि मग तिची नजर शेजारच्या टिपेवर गेली. बाबांनी लिहिलं होतं, "दोन वर्षांपूर्वी हे लॉक मी काढले. चूक सर्वस्वी माझी. सुनेचा यात काही संबंध नाही, तिला दोष देऊ नये."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे बाबांना माहीत होतं! त्यांना सगळं माहीत होतं, आणि तिच्यावर येऊ नये म्हणून ते स्वतःच्या अंगावर घेत होते. एकतीस वर्षांचं नाव असं सुनेसाठी ओवाळून टाकायला निघाला होता हा माणूस. आणि आपण? चष्म्यावरून हसलो.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. बसलीसुद्धा नाही. "ते लॉक मी काढलं होतं," म्हणाली. "त्या दिवशी बाबा लग्नाला गेले होते, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले होते. नाव त्यांचं पडलं. चूक माझी आहे आणि मला सोमवारपासून माहीत आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "आणि मंजूर मी केलं," ते म्हणाले. "न वाचता." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "उद्याची बैठक राहू दे. पण हा कोड आता काही दिवस तुमच्याकडे ठेवता येणार नाही, एवढं समजून घ्या."

"समजलं," ती म्हणाली, आणि खरोखर तिचा जीव भांड्यात पडला. एकदाचं सांगून झालं होतं. कोड गेला तर गेला. बाबांचा तर राहिला.

ती भर दुपारीच घरी आली. सासूबाई दार उघडून "अगं, बरं नाही का?" म्हणेपर्यंत ती गॅलरीत पोचलीसुद्धा. बाबा टेबलाशी बसले होते. समोर पडदा चालू होता, पण ते काम करत नव्हते. हातात एक छोटी वही होती, ती त्यांनी घाईने खणात सारली.

"बाबा," ती त्यांच्या खुर्चीशेजारी खालीच बसली. "मी साहेबांना सांगितलं सगळं. तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? मला वाचवायला?"

"काय अंगावर घेतलं?" बाबांनी विचारलं.

"ते लॉक. तुम्हाला ठाऊक होतं ना मी काढलंय ते."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती, काहीच कळत नव्हतं. नुसता गोंधळ होता.

"तू काढलंस?" ते म्हणाले.

"हो. तुमच्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी. इथेच बसून. माझा लॅपटॉप बिघडला होता." तिचा आवाज बारीक होत गेला. "पण तुम्ही तर लिहिलंय, मी काढलं म्हणून... सुनेचा संबंध नाही म्हणून..."

"अगं, कोड आता तू सांभाळतेस, उगाच तुझ्यावर येईल म्हणून लिहिलं ते. बाकी, काढलं मीच असं वाटलं मला. नाव माझं होतं." बाबांनी खणावर हात ठेवला. "मी खूप आठवून बघितलं. सहा दिवस आठवत होतो. असली ओळ मी का लिहिली असेन, कधी लिहिली असेन, काही केल्या आठवेना. मग वाटलं, झालं आता. हे असंच सुरू होत असणार."

तिने त्यांच्या खुर्चीचा हात धरला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. खुर्चीत मागे टेकले. समोरच्या पडद्याकडे बघितलं, आणि तिला वाटलं, आता हसतील, टपली मारतील, सूनबाई म्हणून एखादी फिरकी घेतील. तिने तोंडावरचं पाणी पुसलं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी."

बाबांनी मान हलवली. खण उघडून ती वही काढली आणि तिच्या हातात दिली. पहिल्या पानावर पेन्सिलीने एक घड्याळ काढलेलं होतं, लहान मुलं काढतात तसं, बाराही आकडे घालून, अकरा वाजून दहा मिनिटं झालेली. आकडे थरथरत्या हाताने काढले होते, पण सगळे आपापल्या जागी होते. त्याखाली तसंच दुसरं. पुढच्या पानावर आणखी चार.

"मंगळवारी मी डॉक्टरकडे गेलो होतो," बाबा म्हणाले. "स्मरणशक्ती तपासायला त्यांनी हे काढायला लावलं. नीट जमलं की नाही कळेना, म्हणून घरी येऊन रोज काढून बघतोय."